जवसाच्या तेलाचा वास

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. सकाळी वडाळे तळ्याकाठी फिरायला गेले, दमले म्हणून बाकावर टेकले, ते उठलेच नाहीत... मी नव्या पनवेलला ताईच्या घरी पोचले तर घरभर जवसाच्या तेलाचा वास. गॅलरीत दोरीला लाकडी कंगवा टांगलेला. आदल्या संध्याकाळीच भाऊजींनी त्याला तेलाचा शेवटचा हात दिला होता. माणूस गेला होता आणि त्याचं काम अजून वाळत होतं. मला त्या कंगव्याचा भयंकर राग आला.

कंगवा ताईसाठी होता. मोठ्या आजारपणातल्या औषधांनी तिचे केस गेले, पुन्हा आले ते तान्ह्या बाळासारखे, आणि प्लास्टिकचा कंगवा लागला की डोक्याची आग व्हायची. निवृत्त भाऊजींना स्वतः लाकडी कंगवा करायला हेच निमित्त मिळालं. आपटा गावच्या एका सुताराने शिवणीच्या लाकडाचा तुकडा दिला, म्हणाला, "हलकी हाय, टोचायची नाय." दुकानदार पॉलिश घ्या म्हणून मागे लागला, तर भाऊजी म्हणाले, "अहो, बायकोच्या डोक्याला लावायचंय, दाराला नाही!" मग आपल्याकडचा कुठलाही माणूस करील तेच त्यांनी केलं, खोबरेल चोळलं. पंधरवड्यात ते खवट झालं आणि वासाने ताईला उलटी झाली. मी खूप हसले. ते मात्र गुपचूप सगळं घासून पुन्हा बसले. या खेपेला घाण्यावरचं निव्वळ जवसाचं तेल आणलं. लवकर वाळणाऱ्या तयार तेलात काहीबाही मिसळलेलं असतं, ते नको. पातळ हात द्यायचा, पुसून घ्यायचा, वारा लागू द्यायचा. "वास पूर्ण गेल्याशिवाय तिच्या हातात द्यायचा नाही," हे त्यांनी मला दोनदा बजावलं होतं.

तेराव्यानंतर मी गेले तर दोरी रिकामी. ताईने कंगवा पिशवीत गुंडाळून कपाटात कोंडला होता. "अगं, हवा लागली नाही तर वाळायचा कसा?" मी म्हटलं. "नाहीच वाळायला पाहिजे," ती म्हणाली. एरवी कुठल्याही तेलाच्या वासाने तिला मळमळायचं, आणि हा वास ती दार लावून हुंगत बसायची. केस गुंतून डोक्यावर त्यांची गाठ झालेली. मला भीती वाटायला लागली, कारण त्या खोलीत गेलं की मलाही वाटायचं, भाऊजी आत्ताच हात पुसत बाहेर येतील... शेवटी मी भांडले. "त्यांनी तुझ्यासाठी केलाय, कपाटासाठी नाही." दुसऱ्या दिवशी कंगवा पुन्हा गॅलरीत होता.

परवा तिने तो माझ्या हातात दिला. "बघ गं, गेला का वास?" मी नाकाशी धरला. नुसतं लाकूड होतं. तिच्या तोंडाकडे बघून मी म्हटलं, "आहे अजून."

"खोटं बोलतेस," ताई म्हणाली आणि कंगवा केसांत घातला. गुंता हळूहळू सुटला. बोटभर तर केस, लगेच विंचरून झाले. तरी ती विंचरतच राहिली.