आईची जपानी वडी

बायकोच्या गुरुग्रामच्या ऑफिसातल्या जपानी मॅडम त्या रविवारी आमच्या आर. के. पुरमच्या क्वार्टरवर जेवायला येणार होत्या. बायको म्हणाली, "वरण-भात, भरली वांगी, बस." पण मी आठवडाभर मोबाइलवर जपानी ऑम्लेटचे व्हिडिओ पाहिले होते. अंड्याचा पातळ थर पसरायचा, गुंडाळायचा, त्याला लागून दुसरा थर, पुन्हा गुंडाळायचं. मी जाहीर केलं, "एक पदार्थ माझा!"

त्यासाठीचा चौकोनी पॅन करोल बागेतही मिळाला नाही. "गोल में क्या दिक्कत है?" दुकानदाराने विचारलं.

शेवटी डोशाचा तवा घेतला. पहिलं ऑम्लेट फाटलं. दुसरं चिकटलं. तिसरं उलथन्यावरून निसटून थेट फ्रिजमागे गेलं. मुलगी म्हणाली, "बाबा, भुर्जी करून टाका ना यार."

आई नाकाला पदर लावून दारात उभी होती. तिने जन्मात अंडं खाल्लेलं नाही. तरी तिला राहवेना. "अरे, गॅस केवढा मोठा! सुरळीच्या वड्या अशा करतात का?"

"आई, या वड्या नाहीत."

"गुंडाळायचं आहे ना? मग वडीच."

अंड्याला हात लावायचा नाही, म्हणून तिने ओट्यावर ओलं फडकं पसरलं. ती फडकं गुंडाळायची आणि तिचं बघून मी ऑम्लेट. "कड सुटली की उचल. घाबरू नकोस, त्याला कळतं."

चौथं जमलं! मी इतका खूश झालो की ओलं फडकंच छातीशी धरलं. मग काप करून ताटलीत लावले आणि शर्ट बदलायला गेलो. परत येतो तर त्यांच्यावर मोहरी-हिंगाची फोडणी, ओलं खोबरं, कोथिंबीर.

"आई! हे काय?"

"बोडके दिसत होते."

मॅडमनी एक तुकडा खाल्ला. मग दुसरा. मग ताटलीच जवळ ओढली. चांगल्या हिंदीत विचारलं, "ये महाराष्ट्र की डिश है?"

मी तोंड उघडलं, पण आई पुढे होती. "बिल्कुल! हमारे यहां घर-घर में बनती है."

बायकोला ठसका लागला. मॅडमनी फोनवर कृती लिहून घेतली. आईने फोडणीसकट सांगितली. मग त्या जरा संकोचून म्हणाल्या, "हमारे यहां भी कुछ ऐसा होता है. पर सच कहूं, थोड़ा फीका लगता है."