एका तारेचा फ्यूज

आमच्या गल्लीच्या तोंडाला ट्रान्सफॉर्मर आहे. त्याच्या फ्यूजमध्ये तार किती जाड घालायची, याचा नियम आहे. मी पाचवीपर्यंत शिकलेला माणूस, असले नियम मला कशाला ठाऊक असणार? बायको मशीनवर श्वास घ्यायला लागली, तेव्हा ठाऊक झाले.

तिची फुप्फुसं गेली होती. ऑक्सिजनचं मशीन करंटवर चालायचं. करंट गेला की सिलिंडर लावायचा, आणि सिलिंडर पुरून पुरून किती पुरणार?

कत्तिरीचं ऊन होतं, आमच्या कुंभकोणम्‌मधला सगळ्यात वाईट उन्हाळा. समोरच्या कल्याणमंडपात लग्न. सकाळी मंडपातले सगळे एसी एकदम लागले आणि फ्यूज उडाला. लाइनमन आला, तार घालून गेला. तो कोपऱ्यावर पोचला नसेल, तोच परत उडाला. मी सिलिंडर लावला. काटा आधीच खाली होता, आणि दुकानदार फोनवर म्हणाला, दुसरा संध्याकाळी येईल.

मी चपला न घालता खांबाखाली गेलो. लाइनमन परत आला होता. त्याला हात जोडून म्हटलं, दोन तारा पिळून घाल, एकीनं भागत नाही.

तो नाही म्हणाला. ट्रान्सफॉर्मर जेवढा, तेवढीच तार. मी त्याला शिव्या घातल्या. त्याच्या आईवरूनही घातल्या. तो पान थुंकला आणि म्हणाला, "अय्या, ही तार जळली तर मी लगेच दुसरी घालतो. जाड घातली तर तार राहील आणि आतली गुंडाळी जळेल. मग नवा ट्रान्सफॉर्मर येईपर्यंत अम्मांना काय लावणार?"

त्यानं मंडपाकडे बोट केलं. लोड तिथं आहे, तो कमी झाल्याशिवाय मी कितीही तारा घातल्या तरी जळणार, म्हणाला.

मंडपात शिरलो. मुहूर्त जवळ आलेला, नागस्वरम चालू, जरीच्या पातळांतल्या बायका. तिथं कुणाला कसं बोलायचं ते मला सुचलं नाही. मुलीच्या बापाला धरलं आणि तमिळमध्ये सरळ सांगितलं, "करंट आला की एसी लावू नका. माझी बायको समोर मरतेय."

लग्नघरात तो शब्द कुणी काढत नाही. एका म्हातारीनं कानांवर हात ठेवले. कुणीतरी माझा दंड धरला, बाहेर ढकलायलाच. मुलीच्या बापानं तो हात सोडवला आणि मॅनेजरला सांगितलं, सगळे एसी बंद, पंखे तेवढे राहू देत. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, आता जा.

लाइनमननं एकच तार घातली. ती टिकली. घरी मशीन घरघरू लागलं, तिच्या ओठांचा निळेपणा उतरला. बोलण्याइतका दम आल्यावर तिनं विचारलं, काय सांगून आलात? मी सांगितलं. ती आमच्या घरच्या मराठीत माझ्यावर चिडली. ती मराठी आता या घरात कुणी बोलत नाही.

"लग्नघरात तो शब्द काढलात? परत जा. अक्षता टाकून या."

गेलो. अख्खा मंडप घामानं निथळत होता. नवऱ्याच्या कपाळाचं गंध ओघळून नाकावर आलं होतं. मी मागं उभं राहून अक्षता टाकल्या. मुलीच्या बापानं पाहुण्यांना देतात ती तांबूलाची पिशवी माझ्या हातात दिली.

बायको गेली ऐप्पसी महिन्यात, दिवाळीच्या सुमाराला. बाहेर पाऊस, हवेत गारवा, कुणाचाच एसी चालू नाही. त्या दिवशी करंट एकदाही गेला नाही. मशीन नीट चालत होतं. ती थांबल्यावरही चालतच होतं, माझा हात बटणाकडे जाईना. राग काढायचा तर कुणावर? तार शाबूत होती.

आताही फ्यूज उडाला की मी तसाच अनवाणी धावत खांबाखाली जातो. पोचल्यावर आठवतं. लाइनमन माझ्याकडे बघत नाही, तार घालता घालता म्हणतो, "आत जा अय्या, येईल करंट."

आत जाऊन काय करू, ते त्यानं सांगावं.