राक्षसाचे डोळे

ओल्या शाडूचा वास आला की मला पेणचा गणपतीचा कारखाना आठवतो आणि त्याच्यासोबत एक राक्षसही. बायका मूर्ती रंगवत बसायच्या आणि मी त्यांना एक जाडजूड अद्भुत कादंबरी वाचून दाखवायचे. त्यातला डोंगर राखणारा राक्षस सगळ्यांचा लाडका, कारण तो वाट चुकलेल्यांना हाताला धरून घरी पोचवायचा. पुढे त्या कादंबरीवर सिनेमा निघाला, रोह्याला लागला, आणि आमचा अख्खा कारखाना एसटीत बसला. पडद्यावर राक्षस आला तो लालभडक डोळे वटारून. थेटरात शिट्ट्या पडल्या, आमच्या रांगेतल्या बायका मात्र एकमेकींकडे बघू लागल्या. परतताना एसटीने नागोठणं सोडलं. मग मूर्तींचे डोळे आखणारी काकी एकदम भडकली, "ह्यो आपला नाय गो! याच्यासंगती कोण जाईल घरी?" दुसऱ्या दिवशी तिने उरल्यासुरल्या शाडूचा राक्षस केला, आणि तो वाळल्यावर रंगवून, गणपतीसारखेच, डोळे अगदी शेवटी आखले. तिने ब्रश खाली ठेवला तशा सगळ्याजणी ओरडल्या, "व्हय, ह्योच तो!" काकीने तो माझ्या ओंजळीत दिला. "तू वाचलंस म्हणून दिसला गो, तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे." काकी आता नाही. परवा नातीला तीच कादंबरी वाचून दाखवत होते. राक्षस आला तशी ती घाबरून मला बिलगली. मी कपाटावरचा काकीचा राक्षस काढून तिच्यापुढे ठेवला. तिने त्याच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं आणि हळूच त्याच्या हातात आपलं बोट दिलं.