शेजाऱ्यासाठी बटण नव्हतं

मी भांडखोर आहे. गावात कुणालाही विचारा. उभा जन्म प्राथमिक शाळेत पोरं हाकली, तेव्हा आवाज कमावलेला आहे, आणि निवृत्त मी झाले, आवाज झाला नाही. आजवर ग्रामसेवकाशी भांडले, वायरमनशी भांडले, एसटीच्या कंडक्टरशी तर किती वेळा. पण या वयात मला एका लोखंडी फाटकाशी भांडावं लागलं आणि त्यात मी हरले, हा राग काही केल्या उतरत नाही.

ही वेळ आली विहिरीपायी. आमची वाडी रेवसच्या रस्त्याला, समुद्रापासून दोन शेतं आत. नारळ, सुपारी, सुपारीवर चढवलेले खाऊच्या पानांचे वेल. सगळी वाडी एका विहिरीवर जगते आणि ती विहीर सामायिक, अर्धी आमची, अर्धी पलीकडच्या वाडीची. समुद्र इतका जवळ, तरी पाणी गोड. कारण दोन्ही घरं ते जपत. किनाऱ्यावरच्या विहिरीचा उपसा फार केला की खालून खारं पाणी शिरतं, आणि एकदा शिरलं की सहजी निघत नाही. म्हणून आमच्या विहिरीत आतल्या बाजूला पुढे आलेला एक दगड होता. पाणी उतरून तो उघडा पडला की शिंपण बंद. मग केळी सुकोत नाहीतर अळू माना टाको, बंद म्हणजे बंद.

बंद करायला लावणारी होती पलीकडची काकी. वयानं माझ्या सासूच्या बरोबरीची, हाडाची काटक, आणि भांडणात माझी गुरू. माझा पंप जरा जास्त चालला की ती कंबरेवर हात देऊन विहिरीच्या काठावर हजर. "अगो मास्तरीणबाय, तुझ्या बापाची हाय का विहीर? दगड दिसाया लागला, डोले फुटले काय तुझे?" मी म्हणायची, "काकी, काल तुमच्या लेकानं केवढं उपसलं ते नाही दिसलं?" मग जे सुरू व्हायचं ते रस्त्यावरचे लोक सायकली थांबवून ऐकत. आमचे हे तेवढ्यात गुपचूप जाऊन पंप बंद करून यायचे. दुसऱ्या दिवशी काकीकडून फणसाचे गरे यायचे, किंवा माझ्याकडून तिच्याकडे अळूवडी जायची. बोलणं कधी बंद पडलं नाही. बोलणं बंद पडलं असतं तर विहीर तेव्हाच गेली असती.

आता कुणी म्हणेल, ही बाई यंत्राच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांतली दिसते. मुळीच नाही. रहाट जाऊन विजेचा पंप आला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. मिक्सर, वॉशिंग मशीन, गॅस, सगळं मी हौसेनं घेतलं. पाट्यावर वाटण वाटून ज्यांचे खांदे गेले नाहीत त्यांनी पाट्याच्या चवीचं कौतुक मला सांगू नये. पण त्या पंपाला बटण होतं आणि बटणाजवळ माणूस होता. माणूस आळशी असेल, लबाड असेल, बहिरा असेल, पण हाक मारली की मान तरी वळवायचा.

काकी गेली. तिचा मुलगा तोवर माणगावला दुकान टाकून बसला होता, त्याला वाडीत रस नव्हता. त्यानं वाडी विकली मुंबईच्या कुणा साहेबाला. मी त्या मुलाला दोष देत नाही. देते थोडा, पण तो वेगळा विषय.

साहेबानं आधी सुपाऱ्या तोडल्या. सगळ्या. त्या जागी बंगला, पोहण्याचा हौद आणि हिरवं गवत. गवत! ज्या मातीत काकीनं जन्मभर सुपारी पिकवली तिथे गुरांनाही न घालायचं गवत. भिंत बांधत आणली ती थेट विहिरीच्या काठापर्यंत, आणि विहिरीवर अर्ध्यात लोखंडी जाळी टाकली. हेही मी सोसलं. म्हटलं, माणसं येतील, ओळख होईल, दगडाचं सांगू.

माणसं आलीच नाहीत. आली ती यंत्रं. एक कासवासारखं यंत्र दिवसभर गवतावर सरपटत गवत कापायचं, त्याच्यावर भुंकून भुंकून गावातली कुत्री थकली. दुसरं हौदात बुडून तळ घासायचं. दिवे आपोआप लागायचे, आपोआप विझायचे. सुरुवातीला एक माळी होता, त्यालाही काढलं. जाताना तो मला म्हणाला, "बाई, आता मोबाईलवरूनच चालतं सगळं, साहेब तिकडं बसून बघतात." आणि विहिरीतला त्यांचा पंप. तो ठरल्या वेळी सकाळी सुरू व्हायचा, ठरल्या वेळी संध्याकाळी. गवतावर फवारे उडायचे. उन्हाळ्यात उडायचे ते एक वेळ समजू शकते, पण श्रावणात धो धो पाऊस कोसळतोय आणि ह्यांचे फवारे पावसाला पाणी पाजतायत! मी ओटीवर उभी राहून ते बघायची आणि तळपायाची आग मस्तकात जायची.

दगड रोज उघडा पडायला लागला. आम्ही आमचा पंप निम्म्यावर आणला, तरी उघडा. मी सवयीनं काठावर जाऊन कंबरेवर हात ठेवून ओरडले, "अहो, कोण आहे का? पाणी उतरलंय, बंद करा!" पंप आपला घरघरतोय. भिंतीपलीकडे चिटपाखरू नाही. आमचे हे म्हणाले, "कुणाशी बोलतेस?" 

म्हणून मी फाटकावर गेले. फाटकाला घंटी नव्हती, एक काळा काचेचा डोळा होता. समोर उभी राहिले तशी तो लाल झाला आणि एक बाई गोड आवाजात बोलली, "आपकी रिकॉर्डिंग हो रही है। कृपया गेट से दूर रहें।" मी म्हटलं, कर रेकॉर्डिंग, बरंच झालं. आणि विहिरीची सगळी हकिगत नीट सांगितली, वर्गात सांगते तशी, मुद्द्याला धरून. ती म्हणाली, "कृपया गेट से दूर रहें।" मी म्हटलं, "दूर तू हो, मेले!" ती पुन्हा तेच म्हणाली, तितक्याच गोडीनं. रस्त्यानं जाणारी रिक्षा थांबली आणि रिक्षावाला हसायला लागला. काकीशी भांडताना लोक थांबायचे तेव्हा मला चेव यायचा. त्या दिवशी मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा संताप जास्त.

फाटकावर कुठल्याशा देखभाल कंपनीचा फोन नंबर होता. तो लावला. मराठीसाठी तीन दाबा. दाबलं. पंपाच्या तक्रारीसाठी दोन दाबा. दाबलं. मग म्हणाले, आपला ग्राहक क्रमांक टाका. मी कसली ग्राहक? मी शेजारीण! पुन्हा पहिल्यापासून लावला, सगळी बटणं दाबून पाहिली. ग्राहकासाठी बटण होतं, विक्रेत्यासाठी होतं, आधीच केलेल्या तक्रारीची चौकशी करण्यासाठीसुद्धा होतं. शेजाऱ्यासाठी बटण नव्हतं. ते यंत्र ज्यांनी घडवलं त्यांच्या डोक्यात शेजारी नावाचा प्राणी आलाच नव्हता. ग्रामपंचायतीत गेले तर म्हणाले, बाई, सामायिक विहीर आहे, आपसात मिटवा. आपसात! अरे, आपसात मिटवायला दुसरा कुणी तरी नको का?

आणि मग एके दिवशी डाळ शिजेना. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, तरी दाणा टणक. मला वाटलं डाळ जुनी. मग साबणाला फेस येईना. हे विहिरीवर गेले, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि तिथेच बसले. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी पळत गेले, चव घेतली. अजून समुद्र नव्हता तो, पण गोड पाणी राहिलं नव्हतं.

पानांचे वेल पहिले गेले. नारळ तग धरतो, तो खाऱ्या वाऱ्यातलाच. सुपारी नाजूक. झावळ्यांची टोकं करपली, मग कोवळी फळं गळायला लागली, सकाळी वाडीत पायाखाली नुसता सडा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणतात. आमच्या आडात भरपूर होतं, पोहऱ्यातही भरपूर येत होतं. तोंडात मात्र धरवत नव्हतं.

ज्या दिवशी हे गळलेल्या सुपाऱ्या गोळा करून घमेल्यात भरून ओटीवर घेऊन आले, त्या दिवशी मी कोयता घेतला. विहिरीच्या काठावरून ओणवी होऊन जाळीतून हात घातला आणि साहेबाचा प्लास्टिकचा पाईप तोडला. पाण्याचा फवारा उडाला, मी नखशिखान्त भिजले, बंगल्यावरचा भोंगा ठणाणा करायला लागला. हे धावत आले, "अगं, काय केलंस हे?" मी म्हटलं, "हाक मारली."

आणि बघा गंमत. इतके महिने घसा फोडला, कुणी आलं नाही. पाईप तुटला, साहेब दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीनं हजर.

तरणाबांड मुलगा, अर्ध्या चड्डीत, हातात मोबाईल. मला वाटलं होतं कुणी गेंडा येईल. हा दारात चपला काढून आत आला, मला "आंटी" म्हणाला. मोबाईलवर माझंच चित्र दाखवलं, कोयता उगारलेली मी, केस मोकळे, अवतार बघवत नव्हता. "आंटी, असं का केलं? काही प्रॉब्लेम होता तर सांगायचं ना."

सांगायचं ना! माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिण्याजोगं नाही. तो ऐकत राहिला. मध्ये एकदा म्हणाला, "मला खरंच माहीत नव्हतं इथे कुणी राहतं." मी म्हटलं, "विहीर अर्धी आहे हे कागदावर वाचलंस ना? उरलेली अर्धी काय भुताची?" मग तो जरा सावरला आणि म्हणाला, "पण पाणी तर कमी झालेलं नाही, आंटी. विहिरीत सेन्सर आहे. तळाला गेलं असतं तर पंप स्वतःच बंद पडला असता." आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. त्यावर विहिरीचं चित्र होतं, काठोकाठ निळं, वर हिरवी खूण. "बघा. दर सकाळी फुल."

मी आत गेले, विहिरीचं पाणी तांब्यात आणलं आणि त्याच्या हातात दिलं. बिचाऱ्यानं पाहुण्यासारखं घेतलं, मोठा घोट घेतला आणि अंगणात थुंकला.

"फुल आहे," मी म्हटलं. "समुद्र भरतोय ती. तुझं यंत्र पाणी मोजतं, चव कुठे घेतंय?"

त्याचा चेहरा पडला. खोटं कशाला सांगू, पडला. उभ्या उभ्या त्यानं मोबाईलवर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "बंद केलं. पूर्ण बंद. आता टँकर मागवीन." एवढंच. एक अंगठा. ज्यासाठी मी फाटकाच्या पाया पडायची बाकी होते ते काम बसल्या जागी, मुंबईहून, जेवता जेवता करता आलं असतं. मग त्यानं विचारलं, "आता ठीक होईल ना? पाणी परत कधी गोड होईल?" तो खरंच उत्तराची वाट बघत होता, जणू मी तेही कुठेतरी दाबून सांगणार होते.

हे म्हणाले, "पावसाळे जावे लागतील. किती, ते कुणी सांगू शकत नाही. आमच्या हयातीत होईल असं वाटत नाही."

"मी तुम्हाला फिल्टर लावून देतो," तो घाईघाईनं म्हणाला. "खाऱ्याचं गोड करणारं मशीन येतं. सगळ्यात भारी देतो."

"आणि सुपारीला?" मी ओरडले. "झाडाझाडाला ग्लास भरून पाजू का रे?"

 मशीन मात्र त्यानं पाठवलं. मी म्हटलं परत पाठवा, हे म्हणाले, प्यायला काय करशील?  आता ते माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे. निळा दिवा लावून गुरगुरतं आणि भरलं की आपोआप बंद होतं.

परवा सुपारीची झाडं तोडायला माणसं आली. पहिल्यांदा विहिरीजवळची ओळ, ती पुरती वठली होती. हे बाहेर उभे राहून बघत होते, मला बघवेना. मी आत आले आणि माणसांसाठी चहा ठेवला, त्याच मशीनच्या पाण्याचा. चहा चांगला झाला होता. तोडणाऱ्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतला. त्या चांगल्या चहाचा जितका राग मला आला, तितका आयुष्यात कुणाचा आला नसेल.