विहिरीतली हवा

ठरलेल्या भावावर कोणी चार आणे वाढवून मागितले की माझं डोकं आजही फिरतं. भाजीवाली असो नाहीतर टांगेवाला, मी हुज्जत घालतोच. ही खोड मला एका लाकडाच्या ठेकेदाराकडे नोकरी करताना लागली, आणि तिच्यापायी एकदा जे झालं ते मी आजवर घरातही कोणाला सांगितलेलं नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आमच्या जिल्ह्याला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. वैनगंगा ओलांडून जंगलात शिरलं की ठेकेदाराचा सागाचा डेपो लागायचा, आणि डेपोला लागून त्याचा बंगला. मालक नागपूरला राहत, वर्षातून दोनदा पाहुणे घेऊन येत. एरवी बंगल्यावर माणसं दोनच. मी दिवाणजी, आणि एक म्हातारा गोंड चौकीदार.

बंगल्याच्या विहिरीवर मालकांनी मोठ्या हौसेनं हातपंप बसवून घेतला होता. पंप आल्यावर विहीर उघडी कशाला ठेवायची म्हणून तिचं तोंड सागाच्या फळ्या ठोकून बंद केलं होतं. चार वर्षं त्या फळ्या कोणी हलवल्या नव्हत्या. एका चैत्रात पंपानं मान टाकली. दांडा कितीही मारा, नुसता खडखडाट. त्यातच मालकांचं पत्र आलं, आठवड्यात येतो, सोबत चार पाहुणे आहेत. मी सावली गावाहून मिस्त्री बोलावला.

मिस्त्री पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. सोबत त्याचा धाकटा भाऊ होता, तिशीतला, अंगानं काटक. विहिरीत उतरायचं काम तोच करायचा. मिस्त्रीनं पंप दोनदा ओढून पाहिला आणि सांगितलं, पाइपाच्या तळाशी पाणी धरून ठेवणारी झडप असते, तो फुटवॉल गेला आहे. खाली उतरून बदलावा लागेल. अठरा रुपये गुत्त्यानं ठरले. गुत्ता म्हणजे एकदा आकडा बोलला की कमीजास्त काही नाही, कामाला एक दिवस लागो की चार. आमच्या भागात सगळी कामं अशीच चालत आणि मला तो रिवाज फार आवडायचा. मी पाच रुपये बयाना दिला आणि मालकांना तसं कळवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्या काढल्या. आतून कुजकट, कोंदट भपका आला. चौकीदार चार पावलं मागं सरला आणि मग त्या बाजूला फिरकेचना. मी वाकून पाहिलं. पंधरा हातांवर पाण्याचा काळा डाग दिसत होता. उघड्या विहिरीत काही ना काही हलत असतं, बेडूक, पारवे, पाण्यावरचे किडे. इथं काहीच हलत नव्हतं. मला ते आवडलं नाही, हे खरं. पण पाहुणे यायचे होते.

मिस्त्री काठावर गुडघे टेकून बराच वेळ बसला होता.

"बाबूजी, आज नाई उतरत," तो म्हणाला. "आजचा दिवस विहीर उघडीच राहू द्या. दोन माणसं लावा. कडुनिंबाच्या फांद्या दोराले बांधून वरखाली करत राहतीन, पाणी उपसून उपसून वरून आत फेकतीन. अंदरची हवा बाहेर निघाली पायजे. उद्या तेच दोघं दोर धरतीन."

"मग करा की."

"त्याचे सहा रुपये अलग पडतीन."

झालं. माझं डोकं फिरलं. काल अठरा आणि आज चोवीस. "काऊन?" मी विचारलं. "गुत्ता ठरला ना, मिस्त्री? काल नाई दिसली हवा?"

"काल फळ्या होत्या, बाबूजी. बंद विहीर वेगळी असते."

"ते तुम्ही काल समजून घ्यायचं होतं."

तो वाद घालणारा माणूस नव्हता. एवढंच म्हणाला, "माझं म्हणणं लिहून घ्या अन् मालकाले धाडा." मी लिहून घेतलं. 'विहिरीतील हवा काढणे, एक दिवस, माणसे दोन, रुपये सहा.' लिहिता लिहिता मला हसू आलं. डेपोतले दोन मुकादम ओट्यावर बसले होते, त्यांना मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हटलं, आता मालकांना हवेचंही बिल पाठवा. तेही खो खो हसले. त्यांच्या देखत मी लाल पेन्सिलीनं त्या ओळीवर रेघ मारली. मिस्त्रीला सांगितलं, जमत नसेल तर बयाना परत करा, मी दुसरा माणूस पाहतो. बयान्याचे पैसे त्याच्या घरी कधीच खर्च झाले असणार हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मी तसं बोललो.

मिस्त्रीनं भावाकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, "जाऊ दे ना, दादा. दहा मिनटाचं काम हाये. मी उतरतो."

त्यांनी आपल्यापरीनं काळजी घेतली. दोघांनीच तासभर फांद्या वरखाली केल्या. मग कंदील पेटवून दोरानं खाली सोडला. तो पाण्याच्या वितभर वरपर्यंत गेला आणि नीट जळत राहिला. मी म्हटलं, "पाहा, जळून राह्यला ना?" मिस्त्री म्हणाला, "वरवरची हवा गेली, बाबूजी. गाळ हालला का खालची उठते." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. खरं तर मी जिंकलो होतो आणि मला मजा वाटत होती.

भाऊ कमरेला दोर बांधून उतरला. वर दोर धरायला मिस्त्री, आणि हाक मारमारून आणलेला चौकीदार. खालून पान्ह्याचा आवाज येत होता. पाणी गुडघाभर आहे, फुटवॉल गाळात रुतलाय, असं तो ओरडून सांगत होता. मग म्हणाला, "निघून राह्यला, दादा." पाण्यात बुडबुडे उठल्याचा आवाज आला, आणि तो सडका वास काठापर्यंत चढला. खाली लोंबता ठेवलेला कंदील एकदम विझला.

मिस्त्रीनं भावाला हाक मारली. पुन्हा मारली. खालून उत्तर आलं नाही.

दोघं दोर ओढू लागले. निर्जीव अंगाचं वजन फार असतं. म्हाताऱ्याच्या हातून दोर सुटत होता. मी धावलो. तिघांनी ओढला, पण तो पाइपाला अडकला, खाली सोडून पुन्हा ओढावा लागला. आणखी दोन माणसं असती तर... मुकादम डेपोतून पळत येईतो आम्ही त्याला काठावर घेतलं होतं. तोंड निळं पडलं होतं, डोळे अर्धे उघडे. मिस्त्री त्याची छाती चोळत राहिला, उन्हं चढेपर्यंत. त्याला थांब म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

मला दुःख झालं का? झालं. पण खोटं कशाला बोलू, आधी भीती वाटली. ठाण्यावर माणूस धाडला आणि मी थेट चुलीपाशी गेलो. लाल रेघेचा कागद जाळला. मुकादमांना म्हटलं, सकाळी काही बोलणं झालं नव्हतं. त्यांनाही नोकरी होती. ते हो म्हणाले.

ठाण्यावरून जमादार संध्याकाळी आला. पंचनामा लिहायला मलाच बसवलं, कारण माझं अक्षर चांगलं. मी लिहिलं की सदर मिस्त्रीने हवेची खात्री न करता, स्वतःच्या निष्काळजीपणाने भावास विहिरीत उतरवले. जमादारानं वाचून मान हलवली.

मिस्त्रीला वाचता येत नव्हतं. तो ओट्याच्या पायरीवर बसला होता, दोराचे वळ उठलेले हात मांडीवर ठेवून. जमादार म्हणाला, याला वाचून दाखवा. मी वाचलं. ते एक वाक्य सोडून सगळं वाचलं.

"मी आधी सांगतलं होतं, ते लिवलं ना, बाबूजी?" त्यानं विचारलं.

"लिहिलं," मी म्हणालो.

त्याला कुठं अंगठा द्यायचा ते समजेना. मी त्याचा हात धरला आणि अंगठा कागदावर उठवून घेतला.