खुर्ची ठेवू का?

दिनांक ९ नोव्हेंबर २०२५, रविवार. त्या दिवशीच्या व्याख्यानासाठी क्लबने मंजूर केलेली रक्कम तीन हजार दोनशे साठ रुपये होती. सभागृहाचे भाडे, पोहे, चहा, शाल आणि पुष्पगुच्छ एवढे त्यात बसवायचे होते. पाहुण्याच्या प्रवासखर्चाचा प्रश्न या वर्षी नव्हता. पाहुणे गावातलेच होते, पोस्टातून निवृत्त झालेले खेमराज रामटेके.

बालाघाटचा हा नागरिक क्लब दर नोव्हेंबरात, राज्याचा स्थापना दिवस झाला की, ‘सशक्त प्रदेश, सशक्त समाज’ या विषयावर व्याख्यान ठेवतो. कधी जबलपूरचे प्राध्यापक येतात, कधी नागपूरचे वकील, कधी एखादे निवृत्त अधिकारी. पाहुणा कितीही मोठा असला तरी समोर माणसे लागतात, आणि ती आणण्याचे काम वर्षानुवर्षे खेमराजभाऊंकडे होते.

त्यांची रीत ठरलेली होती. आदल्या संध्याकाळी ते एकेकाला फोन करत. ‘या’ असे कधी म्हणत नसत. विचारत, “भाऊ, उद्या तुमची खुर्ची ठेवू का? पंख्याखालची?” कोणाचे गुडघे दुखतात म्हणून त्याला दाराजवळ जागा हवी, कोणते दोन भाऊ बांधावरून भांडलेत म्हणून त्यांच्यात दोन ओळींचे अंतर हवे, हे त्यांना पाठ होते. आपली खुर्ची ठेवली आहे म्हटल्यावर माणसाला घरी बसवत नसे.

या वेळी क्लबचा तरुण सचिव धर्मेंद्र याने सभेत ठराव मांडला, की दरवर्षी बाहेरच्यांचे ऐकतो, या वर्षी आपल्या माणसाचे ऐकू. खेमराजभाऊ संकोचले आणि मनातून सुखावलेही. महिनाभर त्यांनी भाषण लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. शनिवारी संध्याकाळी मात्र सवयीने फोन हातात घेतला आणि थांबले. आपल्याच भाषणाला लोकांना कोणत्या तोंडाने बोलवायचे?

धर्मेंद्र म्हणाला, “काकाजी, आता तुम्ही गेस्ट. गेस्ट थोडीच फोन करते? मी ग्रुपवर टाकून देतो.”

टाकलेही त्याने, फुलांच्या चित्रासह.

रविवारी अकरा वाजता खेमराजभाऊ मंचावर बसले होते. इतकी वर्षे ते मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले होते. मंचावरून रिकाम्या खुर्च्या किती दिसतात, हे त्यांना आज कळले. समोर पत्नी विमलाबाई, अध्यक्ष डॉक्टरसाहेब, धर्मेंद्र आणि पोहेवाला. बस्स.

“पाच मिनिटं अजून पाहू,” डॉक्टर तिसऱ्यांदा म्हणाले.

“पाहा,” विमलाबाई म्हणाल्या. “नवरदेव बोहल्यावर, अन् वऱ्हाड अजून घरीच झोपून राह्यलं!”

खेमराजभाऊंचे कान तापले. लोक येत होते ते पाहुण्यांसाठी, आपल्या शब्दाखातर नव्हे, असे त्यांना वाटले. भाषणाचे कागद त्यांनी हळूच घडी घालून खिशात टाकले. तब्येतीचे कारण सांगून घरी जावे, असा विचार पक्का होत होता, तेवढ्यात फोन वाजला. पेंटचे दुकान चालवणारा हेमराज होता.

“काकाजी, आजचा प्रोग्राम कॅन्सल झाला का?”

“नाई. काहून?”

“तुमचा फोन नाई आला ना! तिकडं प्रेमलालही मले तेच विचारून राह्यला. आमी समजलो, पाहुण्यानं दगा देल्ला.”

“ग्रुपवर टाकलं होतं ना.”

“ग्रुपवर तर रोजच फुलं येते. कोण पाहाते? बरं, पाहुणा कोण हाय?”

खेमराजभाऊ घुटमळले. “मी.”

“तुमी? अन् मग फोन काहून नाई केला?”

“स्वतःच्या भाषणाले स्वतःच कसं बोलावू, हेमराज?”

पलीकडून मोठ्याने हसू आले. “अरे बाप्पा! दुसऱ्याच्यासाठी बोलावते तं आपल्यासाठी काय झालं? माही खुर्ची ठेवा. शटर पाडून येतोच.”

खेमराजभाऊ मंचावरून उतरले आणि व्हरांड्यात गेले. पहिला नंबर त्यांनी प्रेमलालचा लावला. दरवर्षी ते सांगत, पाहुणा फार मोठा आहे, चुकवू नका. आज तसे सांगता येत नव्हते.

“प्रेमलालभाऊ, पाहुणा साधाच हाय,” ते म्हणाले. “पण तुमची दाराजवळची खुर्ची ठेवू का?”

“ठेवा. गुडघ्याले तेल लावलं हाय, वास येईन, सांगून ठेवतो.”

पुढचे फोन सोपे गेले. निवृत्त शिक्षिका चंपाबाई म्हणाल्या, “येते मी, पण ऑटोचे पैसे कोण देईन?”

“मी देतो, बाई. या तुमी.”

कोणी वारासिवनीला गेले होते, कोणाकडे धानाची मळणी होती. पण बारा वाजेपर्यंत निम्मे सभागृह भरले. भांडलेले दोघे भाऊ एकाच वेळी दारात आले. खेमराजभाऊंनी पाहुणेपण विसरून आधी त्यांना दोन टोकांना बसवले आणि मगच मंचावर चढले.

उशीर झाल्यामुळे डॉक्टरांनी वीस मिनिटे दिली. खेमराजभाऊंनी पहिले पान वाचले. ‘सशक्त प्रदेश’ तीनदा आल्यावर त्यांना स्वतःलाच कंटाळा आला. कागद बाजूला ठेवून ते म्हणाले, “मले या विषयातलं एवढंच समजते. माणूस बोलावल्यावर येते. पण त्याले त्याच्या नावानं बोलवा लागते. आज मी मोठा लाजलो होतो. तुमी आले, बरं वाटलं.” मग प्रेमलालच्या तेलाबद्दल काहीतरी बोलले, लोक हसले, आणि भाषण आठ मिनिटांत संपले.

शाल खांद्यावर घेऊन ते विमलाबाईंजवळ आले. “कसं झालं?”

“मले काय माईत? मी तं मागं वळून पाहत होती, कोण कोण आलं ते. पोहे कमी पडते आता.”

पोहे खरेच कमी पडले. चंपाबाईंना घेऊन आलेल्या राहुल ऑटोवाल्याकडे पाचशेचे सुटे नव्हते. त्याचे तीस रुपये खेमराजभाऊंकडे अजून बाकी आहेत.