न दिलेला टेकू

विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात गुणांवरून कुरबुर झाली की मुलं म्हणायची, "चला, पट्टी मॅडमकडे." हे नाव मुलांनीच ठेवलेलं. समोर सख्खा असो की परका, मॅडमचं माप एकच. नवऱ्याच्या सख्ख्या पुतणीला त्यांनी खनिजांच्या पेपरात नापास केलं होतं. जाऊबाई घरी येऊन रडल्या, भांडल्या, "पुन्हा या घराची पायरी चढणार नाही" म्हणून तावातावानं निघून गेल्या आणि खरंच बरेच दिवस फिरकल्या नाहीत. मॅडमच्या यजमानांचं चष्म्याचं दुकान. ते म्हणाले, "बरं झालं, तेवढीच चहाची साखर वाचली." पण बायकोचा त्यांना अभिमान होता, आणि बायकोला स्वतःचा त्याहून जास्त होता. माणसाला एखाद्या गुणाचा फार अभिमान झाला की त्या गुणाकडे पुन्हा नीट बघायचं राहूनच जातं. पटत नसेल त्यानं पुढचं ऐकावं.

मॅडमच्या खोलीत भिंतभर कपाटं होती. कपाटांना उथळ खण, आणि प्रत्येक खणात दगड. दगडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, ठिपक्यावर काळ्या शाईनं आकडा. मधोमध लांब लाकडी टेबल. त्यावर ॲसिडची बाटली सांडून सांडून डाग पडलेले. याच टेबलाशी तोंडी परीक्षा व्हायच्या. तोंडी परीक्षेत भल्याभल्यांची दातखीळ बसते. लेखी पेपरात पानंच्या पानं भरणारा मुलगा समोर तीन माणसं बसली की स्वतःच्या गावाचं नाव विसरतो. अशा वेळी मॅडम टेकू द्यायच्या. उत्तर सांगायच्या नाहीत, पण प्रश्न जरा फिरवून ठेवायच्या. "बरं, ते राहू दे. आधी मला सांग, हा दगड हातात घेतल्यावर जड वाटला की हलका?" एवढ्यानं मुलाच्या डोक्यात प्रकाश पडायचा आणि गाडी सुरू व्हायची. वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना सांगायची, "अडलं तर घाबरू नका रे, मॅडम टेकू देतात."

त्या वर्षी विभागात एक मुलगी होती. तिचं नाव पडलं होतं भोंगा. एवढीशी, काडीसारखी पोर, पण घोषणा द्यायला उभी राहिली की ग्रंथालयातली माणसं खिडक्या लावून घ्यायची. ती एका पक्षाच्या विद्यार्थी संघटनेत होती. कुठल्या, ते इथे सांगायचं नाही. सांगितलं की ऐकणारे लगेच दोन बाजूंना सरकून बसतात आणि गोष्ट राहते बाजूला.

मॅडम मत कुणाला देतात हे यजमानांनाही ठाऊक नव्हतं. राजकारण म्हणजे नसती कटकट, असं त्या चारचौघांत सांगायच्या. पण भोंग्याच्या पक्षाचं नाव निघालं की त्यांच्या कपाळावर आठी चढायची. त्यातच त्या पोरांनी एकदा सभेचं पोस्टर विभागातल्या काचेच्या पेटीवर डकवलं. आत मॅडमनी विद्यार्थिनी असताना स्वतः डोंगरावरून उचलून आणलेला दगड होता. मॅडमनी गरम पाणी आणलं, ब्लेड आणलं आणि कागद खरवडत बसल्या. तोंडानं एक शब्द काढला नाही. पण राग काय तोंडातूनच बाहेर पडतो थोडाच?

मग संशोधनाच्या एका जागेसाठी मुलाखती निघाल्या. अर्ज पुष्कळ. समितीत तिघं: विभागप्रमुख सर, बाहेरून आलेले एक वयस्क तज्ज्ञ आणि आपल्या मॅडम. भोंग्याची पाळी आली तेव्हा सर हसून म्हणाले, "कान झाका हो, मोर्चा येतोय." तज्ज्ञही हसले. दार अर्धं उघडं होतं आणि मोर्चा दारातच उभा होता. मुलगी आत आली, बसली. सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "इथे संशोधन करणार आहेस की सभा घेणार आहेस?" ती म्हणाली, "संशोधन, सर." तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक निघाला.

मॅडमना सरांचं ते बोलणं अजिबात आवडलं नाही. त्यांनी लगेच विषयाचा प्रश्न घेतला. एकाच रानात दोन विहिरी, हाकेच्या अंतरावर. एकीला भरपूर पाणी, दुसरी ठणठणीत कोरडी. कारण कसं शोधशील? भोंग्यानं सुरुवात बरी केली. दोन्हींची खोली मोजेन म्हणाली, माती तपासेन म्हणाली. मग अडली. छताकडे बघितलं, टेबलावरच्या डागांकडे बघितलं, शेवटी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "ठीक आहे. पुढचा प्रश्न."

तिच्यानंतर एक शांत मुलगा आला. त्याच प्रश्नाला, त्याच जागी तोही अडला. मॅडम म्हणाल्या, "अरे, खालचा खडक कुठल्या बाजूला कललाय ते बघितलंस का?" मुलाचा चेहरा उजळला. पाणी खडकाच्या उतारानं एकीकडे जातं, दुसरीच्या वाट्याला येतच नाही, असं त्यानं धडाधड सांगून टाकलं. जागा त्याला मिळाली. भोंग्याची थोडक्यात हुकली.

मुलगी गप्प बसणारी असती तर तिला भोंगा कोण म्हणालं असतं? तिनं विद्यापीठावर दावा ठोकला. माझ्या राजकीय मतांमुळे मला डावललं, मी दारात असतानाच सर माझी टिंगल करत होते, असं तिनं लिहिलं. वर्तमानपत्रांत आलं. विभागात कुजबुज सुरू झाली, आणि विद्यापीठाचे वकील दाव्याची प्रत घेऊन मॅडमच्या खोलीत हजर झाले. तरुण, चुणचुणीत माणूस. खुशीत होते.

"मॅडम, पोरीनं आयतंच हातात आणून दिलंय. हे वाचा."

मॅडमनी वाचलं. लिहिलं होतं, "समितीच्या तिसऱ्या सदस्य मात्र माझ्याशी पूर्णपणे निःपक्षपातीपणे वागल्या. त्यांनी मला फक्त विषयाचे प्रश्न विचारले."

"तुम्ही आमच्या मुख्य साक्षीदार," वकील म्हणाले. "तीच म्हणतेय तुम्ही सरळ, आणि तुम्ही म्हणायचं निवड सरळ. दावा खल्लास. फक्त एक करा, विचारलं तेवढंच बोला. हो, नाही आणि आठवत नाही, या तीन उत्तरांवर सगळी कोर्टं चालतात."

वकील गेले. मॅडमनी ते वाक्य पुन्हा वाचलं, सुखावल्या, आणि त्या सुखातच त्यांना तो शांत मुलगा आठवला. त्याचा उजळलेला चेहरा आठवला. मग भोंग्याचा चेहरा. आपण चष्मा पुसला होता. कशाला पुसला? तो काही मळला नव्हता. चष्म्याच्या दुकानदाराची बायको ती, तिचा चष्मा कधी मळतो का!

त्या तडक दुकानात गेल्या. यजमान एका चौकटीत काच बसवत होते. मॅडमनी सगळं सांगितलं.

"अगं, मग काय झालं?" यजमान बारीक स्क्रू फिरवत म्हणाले. "उत्तर तिला आलं नाही. यात तुझा काय गुन्हा?"

"अहो, त्यालाही आलं नव्हतं. त्याला मी आणून दिलं."

"टेकू देणं नियमात आहे?"

"नाही."

"मग न देणंही नियमात बसतं की."

"मी सगळ्यांना देते. आजवर कुणाला दिला नाही असं झालं नाही. हिलाच नाही दिला. आणि मला तेव्हा कळलंसुद्धा नाही, अहो. मला वाटलं मी अगदी बरोबर वागतेय. सर वाईट वागले नि मी चांगली, असंच मी इतके दिवस धरून चालले होते."

यजमानांनी चौकट खाली ठेवली. "हे कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. तिलाही नाही."

"मग हात दाखवून अवलक्षण कशाला? सरांनी जे केलं त्यावर दावा चाललाय, तो चालू दे. पोरगी जिंकेल नाहीतर हरेल. तुझं नाव त्यात नाही."

"आहे ना. चांगलं म्हणून आहे," मॅडम म्हणाल्या. यजमानांनी शेजारून चहा मागवला.

साक्षीच्या दिवशी कोर्टाची खोली निम्मी रिकामी होती. पंखा करकरत होता. भोंगा पहिल्या बाकावर, शेजारी तिची आई, मांडीवर डब्याची पिशवी घेऊन. मॅडम आत आल्या तसा मुलीनं आईला कोपरानं हळूच ढोसलं आणि काहीतरी सांगितलं. आईनं मॅडमकडे बघून हात जोडले. मुलगी ओरडली असती, तिनं तोंड फिरवलं असतं तर मॅडमना परवडलं असतं.

विद्यापीठाच्या वकिलांनी नाव, हुद्दा, नोकरीची वर्षं असे सोपे प्रश्न विचारले. मग ते ऐटीत वळले आणि दाव्यातलं ते वाक्य मोठ्यानं वाचलं.

"मुलगी स्वतःच म्हणते की तुम्ही तिच्याशी निःपक्षपातीपणे वागलात. हे खरं आहे ना?"

मॅडमना वाटलं होतं, निवडीबद्दल विचारतील, त्यांच्या स्वतःच्या वागण्याबद्दल कुणी विचारणारच नाही. आडवळणानं काही आलं तर बघू, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. आणि इथे त्यांच्याच बाजूच्या माणसानं सरळ समोर आणून ठेवलं. हो म्हटलं की सुटका होती. समोर मुलगी मान डोलवत होती, जणू साक्ष तीच देत होती.

"नाही," मॅडम म्हणाल्या.

वकिलांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "प्रश्न पुन्हा विचारू का?"

"ऐकला मी प्रश्न. नाही वागले." आणि मॅडमनी सांगितलं. दोन विहिरी, शांत मुलगा, खडकाचा उतार, टेकू आणि पुसलेला चष्मा. न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्ही हे मुद्दाम केलंत?" मॅडम म्हणाल्या, "मुद्दाम केलं असतं तर तेव्हाच कळलं असतं, साहेब. मला तिची माणसं आवडत नाहीत. तिला मदत करायचं मला सुचलंच नाही."

विद्यापीठाचे वकील मटकन खाली बसले. मुलीच्या वकिलांना तर आभाळ ठेंगणं झालं, त्यांनी काही विचारलंच नाही. मॅडमनी मुलीकडे बघितलं. तिला आनंद व्हायला हवा होता. ती खाली मान घालून आईच्या डब्याच्या पिशवीचे बंद सोडत आणि बांधत होती.

पुढचं विभागानं चोख केलं. सर बोलेनासे झाले. एकदाच जिन्यात म्हणाले, "आम्ही तोंडानं बोललो ते वाईट, तुम्ही गप्प राहून साध्वी!" आणि खरं सांगायचं तर या वाक्यात सगळंच चुकीचं नव्हतं. बाकीचे सहकारी मॅडम आल्या की चहाचे कप घेऊन दुसऱ्या खोलीत जायचे. यजमान रात्री जेवताना म्हणाले, "मी तुला चुकीचा सल्ला दिला." मॅडम म्हणाल्या, "नाही हो. तुमचा सल्ला शहाण्या माणसाचा होता." यावर बऱ्याच दिवसांनी दोघं हसले.

निकाल लागला. मुलाची जागा मुलाकडेच राहिली, मुलीसाठी एक जागा वाढवायची आणि सगळ्या बाहेरच्या माणसांची समिती नेमून तिची मुलाखत पुन्हा घ्यायची, असं ठरलं. ती झाली आणि मुलगी त्यात चांगली चमकली. आता तिला मार्गदर्शक निवडायचा होता. तिचा विषय जमिनीखालचं पाणी, आणि विभागात पाण्याचं काम करणारं माणूस एकच, मॅडम. मॅडमनी आपल्या टेबलाच्या एका बाजूचे दगड उचलून कपाटात ठेवले, खुर्ची पुसून घेतली. कुणी विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, सहज आवरलं. मनातून त्या आस लावून बसल्या होत्या. या पोरीला हाताशी धरून शिकवायचं, झालं गेलं फेडायचं, एवढं एकच त्यांना हवं होतं.

मुलगी आली, पण बसली नाही.

"मॅडम, मी सरांकडे नाव दिलंय. तुम्हाला बाहेरून कळायला नको म्हणून सांगायला आले."

"सरांकडे?" मॅडमना खरंच वाटेना. "अगं, ते तर खनिजांवर काम करतात. आणि त्यांनी तुला..."

"विषय बदलला मी. सरांना मी आवडत नाही. ते तोंडावर सांगतात, मी तोंडावर उत्तर देते. परवा म्हणाले, माझ्याच गळ्यात पडायची होतीस का! पण काम सांगितलं." ती जरा थांबली. "माझी आई म्हणत होती, सोड ते शिकणं, सगळे तसलेच. मी तिला तुमचं नाव सांगायचे. एक तरी आहेत म्हणायचे. तुम्ही कोर्टात खरं बोललात म्हणून मी आज इथे आहे, हे मला कळतं, मॅडम. उपकार आहेत."

"मग?"

"मी पुन्हा अडणारच ना कधीतरी. शिकताना अडायचंच. तेव्हा तुम्ही नुसत्या गप्प बसलात, विचार करत असलात, तरी मी दगड सोडून तुमच्या तोंडाकडे बघत बसेन. की आता का गप्प आहेत? मला तसं नाही शिकता येणार."

मॅडमना म्हणायचं होतं, मी आता तशी नाही. पण तशी आहे हे तेव्हा तरी कुठे कळलं होतं? त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"बरोबर केलंस," त्या म्हणाल्या. "जा, सर वाट बघत असतील."